आठ सेंटीमीटरची लाट

आमच्या प्रयोगशाळेत शाळेची मुलं आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आजोबा, अकोल्यात समुद्र कुठं हाये? मंग इथं लाटा कायले बनवता?"

मला हा प्रश्न फार आवडतो. मी लगेच उत्तर देत नाही. उलट विचारतो, "तुमच्या गावाजवळ तलाव आहे का?" दोन-चार हात वर होतात. "तलाव काठोकाठ भरलेला असताना जोराचा वारा सुटला, तर काय होतं?" कुणीतरी सांगतं, पाणी भिंतीवर आपटतं. "आणि मातीच्या भिंतीवर पाणी दिवसभर आपटत राहिलं तर?" इथे मुलं एकमेकांकडे पाहतात. मग एखादं पोर हळूच म्हणतं, "माती वाहून जाईन." झालं. समुद्र नसलेल्या गावात लाट का मोजायची, हे त्यांचं त्यांनीच सांगितलेलं असतं.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं निदेशक होतो. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी आठवड्यातून तीन दिवस जातो. लाटांचं यंत्र जुनं आहे आणि त्याच्या खोडी मला ठाऊक आहेत, एवढंच कारण. लोक मला बापूसाहेब म्हणतात, मुलं आजोबा म्हणतात.

यंत्र तसं समजायला सोपं आहे. वीस मीटर लांबीची, दोन्ही बाजूंना काच असलेली एक टाकी. आमचा मोतीराम तिला काचेचा नाला म्हणतो. तो प्रयोगशाळेचा परिचर. त्याच्या हातून पुसली गेल्याशिवाय ती काच कधी स्वच्छ दिसलेली मला आठवत नाही. टाकीच्या एका टोकाला उभी लोखंडी फळी आहे. मोटर ती फळी पुढे-मागे ढकलते आणि पाण्यात लाटा उठतात. दुसऱ्या टोकाला, ज्याची परीक्षा घ्यायची ते ठेवायचं. धरणाची छोटी भिंत, दगडांचा उतार, जे असेल ते. मधे पाण्यात उभी एक जोडतार सोडलेली असते. तो आमचा लाटमापक. दोन तारा, मधे बोटभर अंतर, आणि त्यांतून अगदी थोडी वीज. पाणी वर चढलं की तारा जास्त भिजतात, वीज जास्त वाहते. उतरलं की कमी. ती वीज कॉम्प्युटर मोजतो आणि पडद्यावर लाट काढून दाखवतो.

पण विजेचे आकडे आणि सेंटीमीटर यांची ओळख कुणीतरी करून द्यावी लागते. त्यासाठी पाणी शांत असताना लाटमापक मोजून एक सेंटीमीटर उचलायचा, आकडा लिहायचा, आणखी एक उचलायचा, पुन्हा लिहायचा. याला आम्ही कॅलिब्रेशन म्हणतो. रोज सकाळी हे करायचं आणि मगच मोटर सुरू करायची, हा नियम मीच घातलेला. एकतीस वर्षं मी तो विद्यार्थ्यांच्या डोक्यात ठोकून बसवला.

यंदा फेब्रुवारीत देवश्री आली. अमरावतीची मुलगी, वडील वकील. पीएच.डी.साठी तिने आमच्याच भागातला एक प्रश्न घेतला होता. बाळापूर तालुक्यातल्या एका गावात मातीच्या भिंतीचा तलाव आहे. भिंतीच्या पाण्याकडच्या अंगाला दगडांचं अस्तर असतं. गेल्या पावसाळ्यात लाटांनी त्यातले दगड ओढून काढले आणि तीस-चाळीस हात लांबीची माती उघडी पडली. भिंत थोडक्यात वाचली. तलावाच्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष जानराव स्वतः प्रयोगशाळेत आले होते. उंच, कोरडे, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी पिशवीतून एक दगड काढून टेबलावर ठेवला.

"हे पाय बाई. डोक्याएवढाले गोटे आमच्या वावरातूनच निंघतात. ढीग पडले हाये. हे लावले तं टिकतीन का? टिकत असतीन तं गाव मियून पावसाच्या आंधी काम करून टाकते. मोठे लागत असतीन तं खदानीतून आनावं लागतीन, मंग यंदा काम होत नाई."

"तपासल्याशिवाय नाही सांगता येणार, काका," देवश्री म्हणाली.

"मंग तपास. आमी थांबतो. पाऊस थांबत नाई."

देवश्रीने वाऱ्याचा आणि तलावाच्या लांबीरुंदीचा हिशेब मांडला. तिथे जास्तीत जास्त नव्वद सेंटीमीटरची लाट उठू शकत होती. आमची प्रतिकृती दहापट लहान, म्हणून टाकीत नऊ सेंटीमीटरची लाट. सुपारीएवढे दगड वेचून तिने छोटी भिंत रचली. नऊच्या लाटेला दगड जागेवर राहिले तर गावाचे गोटे चालतील, हलले तर नाही. इतका सरळ प्रश्न होता, आणि तिच्या उत्तरावर एक गाव कामाला लागणार होतं.

मार्चच्या मध्यावर मी एक चूक केली. तेव्हा ती चूक वाटली नाही.

उन्हं तापली की टाकीतलं पाणी आटतं. आठवड्याला एखादा ड्रम वरून घालावा लागतो. त्या दिवशी मोतीराम विचारत आला, "बापूसायेब, नळाले पानी नाई. बोअरचं टाकू का?"

आमचा हा पूर्णेकाठचा भाग म्हणजे खारपाणपट्टा. इथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. आणि तरी मी म्हणालो, "टाक की. लाटेला काय ते प्यायचंय?"

मोतीरामला ते वाक्य फार आवडलं. त्याने ते दोन दिवस सगळ्यांना ऐकवलं. त्यानंतर त्याने आणखी दोन ड्रम टाकले. विचारायची गरजच राहिली नव्हती.

त्याच सुमारास देवश्रीने मला विचारलं होतं, "काका, आज कॅलिब्रेशन करायचं का?" मी खुर्चीतूनच म्हणालो, "अगं, मागच्या महिन्यात नीट केलंय. यंत्र घरचंच आहे, राहू दे." तिने राहू दिलं. पुढे पडद्यावरची लाट आठवड्यागणिक मोठी दिसू लागली. मोतीरामने तेव्हाच फळीच्या सांध्यांना ग्रीस लावलं होतं, मोटरचा पट्टाही बदलला होता. तो छाती काढून म्हणाला, "पायलं का बाई, ग्रीसची कमाल?" आणि आम्ही दोघांनी, शिकलेल्या माणसांनी, ते मान्य केलं.

एप्रिलच्या सुरुवातीला देवश्रीचं उत्तर तयार झालं. नऊ सोडा, अकराच्या लाटेलाही दगड हलत नव्हते. तिने जानरावांना फोन करून सांगितलं. अहवाल छापून झाला. सोमवारी तो अमरावतीच्या पाटबंधारे कार्यालयात द्यायचा होता. शनिवारी दुपारच्या गाडीने ती घरी जायची होती, कारण बाळापूरच्या एका शाळेची सातवी त्या सकाळी प्रयोगशाळा बघायला येणार होती. मी तिला म्हटलं, "तू जा सकाळीच. मुलांचं मी बघतो. ते माझं आवडतं काम."

चौतीस मुलं आणि त्यांच्या कौशल्या मॅडम. मी नेहमीसारखे प्रश्न विचारले, लाटा उठवल्या. लाटमापक समजावा म्हणून पेल्यात पाणी घेतलं, दोन तारा, बॅटरी आणि छोटा दिवा. साध्या पाण्यात दिवा मिणमिणला. चमचाभर मीठ टाकलं, लख्ख झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. "खाऱ्या पाण्यातून वीज जास्त जाते," मी म्हणालो. माझ्या स्वतःच्या तोंडाने म्हणालो, आणि माझ्या पाठीशी पाच हजार लिटर पाणी होतं.

मग मी मुलांना खडू दिले. लाटेचा माथा काचेवर कुठे पोचतो आणि तळ कुठे, तिथे रेघ मारायची, आणि मधलं अंतर म्हणजे लाटेची उंची. मुलांची झुंबड उडाली. पडद्यावर अकरा दिसत होते. कुणाचे सात आले, कुणाचे तेरा. एकाने स्वतःच्या शर्टावरच रेघ ओढली. मला मजा येत होती.

एक सडपातळ मुलगी गर्दीतून बाजूला, टाकीच्या पलीकडे जाऊन बसली होती. डोळा अगदी पाण्याच्या रेषेत. मग ती कंपासपेटीतली पट्टी हातात घेऊन माझ्यापाशी आली.

"आजोबा, आठच भरते."

"काय आठ?"

"लाट. तिथं अकरा लिवलं हाये."

"डोळा पाण्याच्या रेषेत ठेवला होतास?"

"हो. तुमी सांगतलं तसाच."

"लाट एका जागी थांबत नाही ना, बाळा. हात थोडा इकडेतिकडे होतो. म्हणून तर यंत्र लागतं."

"म्या तीन डाव केलं. तिन्ही डाव आठ."

मागून एक पोरगा ओरडला, "दामिनी कॉम्प्युटरपेक्षा हुशार हाये, आजोबा!" सगळे हसले. मीही हसलो. "आपले डोळे फसतात, यंत्र फसत नाही," असं वाक्य मी सर्वांना उद्देशून टाकलं आणि पुढच्या गोष्टीकडे वळलो. दामिनीने वाद घातला नाही. ती परत गेली आणि अंगठ्याने आपल्या रेघा पुसू लागली.

मुलं गेली. मोतीराम ओला फडका घेऊन आला. "काय बाप्पा पोट्टे! सारी काच रंगवून ठेवली."

तो पुसत पुसत पलीकडच्या बाजूला गेला. मी सहज तिकडे पाहिलं. दामिनीने तीन जागी रेघा मारल्या होत्या. दोन जागच्या पुसल्या होत्या, तिसऱ्या जागच्या राहिल्या होत्या. बारीक, सरळ, शिस्तीत काढलेल्या दोन रेघा.

"थांब मोतीराम."

मी माझी स्टीलची पट्टी लावली. आठ, आणि वर केसभर.

मोटर पुन्हा सुरू केली. मोतीरामला खडू दिला, स्वतः गुडघ्यावर बसलो, माथा आणि तळ पाहत राहिलो. आठ. पडद्यावर अकरा. मोटर बंद केली. पाणी शांत व्हायला पाऊण तास लागतो. तो पाऊण तास मी आयुष्यात इतका लांब अनुभवला नव्हता. मग लाटमापक मोजून पाच सेंटीमीटर उचलला. कॉम्प्युटर म्हणाला, सात.

कोपऱ्यातल्या ड्रममध्ये मी बोट बुडवून जिभेला लावलं. मचूळ.

"मोतीराम, असे किती ड्रम घातलेस?"

"तीन. तुमीच तं म्हनलं होतं, लाटेले काय..."

"हो. मीच म्हटलं होतं."

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. "काही बिघडलं का, सायेब?"

मी खुर्चीत बसलो. काय बिघडलं ते अगदी स्पष्ट होतं. पाणी जास्त खारं, म्हणून वीज जास्त, म्हणून लाट कागदावर मोठी. देवश्रीला वाटत होतं, दगडांनी अकराची लाट सोसली. त्यांनी सोसली होती आठची. तलावात येणार होती नऊची. नऊला ते दगड टिकतील की नाही, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

माणूस अशा वेळी स्वतःला काय काय सांगतो, ते लिहिण्यासारखं नाही, पण मी लिहितो. मी स्वतःला सांगितलं की नऊची लाट वर्षातून एखाद्या तासापुरती येते. सांगितलं की आठ आणि नऊमध्ये फार फरक नसतो. सांगितलं की अहवाल छापून झाला आहे, मुलगी दोन महिने राबते आहे आणि काचेवरच्या खडूच्या रेघा कुणी पाहायला येत नाही. मोतीराम हातात फडका घेऊन उभाच होता. "हे पुसू का मंग?" त्याने विचारलं.

"नको," मी म्हणालो. "राहू दे."

रविवारी सकाळच्या एस.टी.ने मी अमरावतीला गेलो. फोनवर सांगता आलं असतं, पण मग माझं तोंड तिला दिसलं नसतं, आणि ते दिसायला हवं होतं.

देवश्रीच्या आईने पन्हं आणून ठेवलं आणि "काका अचानक?" असं म्हणून ती आत गेली. मी देवश्रीला एवढंच सांगितलं, "काल लाटमापक पाच सेंटीमीटर उचलला. सात आले."

ती हुशार आहे. मला पुढचं सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"म्हणजे अकरा म्हणजे..."

"आठ."

"आणि आपल्याला नऊ हवी." ती उठून खिडकीपाशी गेली. "पाणी?"

"बोअरचं. तीन ड्रम. मी घालायला सांगितलं."

 तिने परत येऊन कागद घेतला. "ठीक आहे. सगळ्या आकड्यांना एकाच पटीने भागू. सातला पाच. पंधरा मिनिटांचं काम आहे."

मला उत्तर माहीत होतं. पण ज्याला गणित सोडवायचं आहे त्याच्या हातातून खडू काढून घेऊ नये, ही माझी जुनी सवय. मी पन्ह्याचा पेला हातात धरून बसलो. तिने दोन ओळी लिहिल्या आणि थांबली.

"पहिल्या ड्रमनंतर पट वेगळी. दुसऱ्यानंतर वेगळी. मधे पाणी आटत होतं, तेव्हाही ती रोज बदलत होती. काका, ड्रम कोणत्या तारखांना घातले?"

"लिहिलं नाही."

"मोतीरामभाऊंना आठवतं?"

"त्याला विचारलं. कधी सोमवारी, कधी बुधवारी, म्हणतो."

तिने पेन खाली ठेवलं. आणि मग ती चिडली. चिडल्यावर तिच्या बोलण्यातलं शहर गळून पडलं.

"मले पहिल्या दिवशी तुमीच सांगितलं होतं, कॅलिब्रेशन केल्याशिवाय मोटरला हात लावायचा नाही. अन् मार्चमध्ये मी विचारलं तं तुमीच म्हणालात, राहू दे. काहून म्हणालात तसं?"

याला सोयीची उत्तरं बरीच होती. वय, उन्हाळा, दुखरे गुडघे. "कंटाळा केला," मी म्हणालो. "आणि वाटलं, मला हे यंत्र पाठ आहे."

तिचा आवाज खाली आला. बहुधा तिला माझ्याकडून बचावाची अपेक्षा होती. "मलाही त्या दिवशी लवकर निघायचं होतं," ती म्हणाली. "तुम्ही 'राहू दे' म्हणालात तेव्हा बरंच वाटलं होतं." मग डोळे पुसून म्हणाली, "जानरावकाकांनी गोटे गोळा करायला सुरुवात केली आहे. कालच फोन आला होता. खूश होते हो ते."

"माहीत आहे."

"लोक म्हणतील, हिला साधं मोजता येत नाही."

"म्हणतील."

"तुम्ही 'नाही म्हणणार' असं म्हणायला हवं होतं, काका."

"खोटं कशाला सांगू?"

ती रडता रडता हसली. सोमवारी ती त्या कार्यालयात गेली, पण अहवाल दिला नाही. मोजमापात दोष आढळला आहे, प्रयोग पुन्हा करते आहे, असं दोन ओळींचं पत्र दिलं. जानरावांनाही फोन करून सांगितलं की पुन्हा तपासते आहे, तोवर गोटे भिंतीला लावू नका.

त्याच सोमवारी मी बाळापूरला त्या शाळेत गेलो. कौशल्या मॅडमना म्हटलं, "सातवीच्या वर्गात पाच मिनिटं बोलायचं आहे." फळ्यापाशी उभा राहून मी मुलांना सांगितलं की शनिवारी दामिनीने मोजलेली लाट बरोबर होती आणि मी चूक होतो. वर्गात कुजबुज झाली. दामिनी बाकावरून उठली. ती लाजेल असं मला वाटलं होतं.

"मंग यंत्रानं खोटं काहून सांगतलं?"

"यंत्राने खोटं नाही सांगितलं. मी त्याचं पाणी बदललं आणि नवी ओळख करून द्यायला विसरलो."

तिने क्षणभर विचार केला. "म्हंजे तुमची पट्टी रबराची झाली होती."

एकतीस वर्षांत मला इतकं सोपं वाक्य सुचलं नव्हतं. "हो," मी म्हणालो. "आणि मी तुझं म्हणणं तपासायला हवं होतं. हसायला नको होतं."

"दीपक हसला होता पयले," ती मागच्या बाकाकडे पाहून म्हणाली, आणि वर्गाने पुन्हा हसायचं कारण शोधलं. या वेळी ते माझ्या बाजूने नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

पुढचे तीन आठवडे आम्ही पुन्हा सगळं केलं. टाकी रिकामी केली, घासली, दोन दिवस नळाची वाट पाहून भरली. मोतीरामने बोअरच्या नळाला चिंधी बांधून टाकली. रोज सकाळी देवश्री लाटमापक उचलायची, मी आकडे वाचायचो, मोतीराम फळ्यावर तारीख आणि भरलेलं पाणी लिहायचा. त्याचं अक्षर वाईट आहे, पण एकही दिवस चुकला नाही.

खऱ्या आठच्या लाटेला दगड राहिले. खऱ्या नऊच्या लाटेला, विसाव्या मिनिटाला, पाण्याच्या रेषेवरचा एक दगड डुलू लागला. मग त्याच्या शेजारचा. तिसाव्या मिनिटाला दोन्ही घरंगळत खाली गेले आणि मागची माती पाण्यात विरघळू लागली.  मोटर चालूच राहिली.

देवश्रीने मग आपणहून एक गोष्ट केली. तिने पाहिलं होतं की निसटलेले सगळे दगड एकाच पट्ट्यातले आहेत, जिथे लाट फुटते तिथले. तिने तेवढाच पट्टा दीडपट मोठ्या दगडांचा रचला; खाली आणि वर तेच लहान ठेवले. नऊची लाट चार तास चालवली. भिंत राहिली. म्हणजे गावाचे गोटे सगळे फुकट जाणार नव्हते, पण मधल्या पट्ट्यासाठी मोठे दगड खदानीतून आणावेच लागणार होते.

मे महिन्यात तिने गावात जाऊन ते सांगितलं. मी सोबत गेलो, पण गाडीतच तिला म्हटलं होतं, बोलायचं तू. सकाळची वेळ होती. ग्रामपंचायतीच्या सभागृहात चाळीसेक माणसं जमली होती. मी शेवटच्या रांगेत बसलो. येताना तलावाच्या बाजूला गोट्यांचा ढीग दिसला होता. चांगला पुरुषभर उंच.

देवश्रीने काहीही लपवलं नाही. पाणी कसं बदललं, आकडा कसा फुगला, हे तिने सांगितलं. "आधी मी तुम्हाला जे सांगितलं, ते चूक होतं," ती म्हणाली. कुणाचं नाव घेतलं नाही, माझंही नाही. मी उठून म्हणालो, "पाणी मी बदललं होतं." काही जणांनी वळून पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे पाहू लागले. त्यांना माझ्यात रस नव्हता. भिंत कशी राहील, यात होता.

जानराव पुढच्या खुर्चीत बसले होते. हात काठीवर.  मग मागून ओमप्रकाश नावाचा एक तरुण शेतकरी उठला.

"मॅडम, एक इचारू? मांगच्या खेपेले तुमी म्हनलं, लहान चालतीन. आमी चार हप्ते गोटे वेचले. आता म्हनता, मोठे लागतीन. बरं, मागचं चुकलं. पन आताचं बरोबर हाये, हे आमी कशावरून समजाचं?"

 प्रश्न कडू होता, पण खरा होता. माझ्या जिभेवर उत्तर होतं. कॅलिब्रेशनचे कागद, रोजच्या नोंदी, फळ्याचे फोटो, सगळं माझ्या पिशवीत होतं. मी पिशवीवर हात ठेवला आणि तसाच राहिलो. वर्गात एखादं मूल फळ्यापाशी अडतं, तेव्हा मास्तराने सर्वांत जास्त सांभाळायची असते ती स्वतःची जीभ.

देवश्रीचा चेहरा लाल झाला होता. तिने टेबलावरचे आपले कागद पाहिले. ते ती उचलेल असं मला वाटलं. तिने उचलले नाहीत.

"माझ्या शब्दावरून समजू नका," ती म्हणाली. "तुम्ही या. टाकी तशीच भरून ठेवली आहे, भिंतही तशीच आहे. कॉम्प्युटर बंद ठेवू. मी तुम्हाला खडू आणि पट्टी देते. लाट तुम्ही मोजा. नऊ भरली की लहान दगडांची भिंत लावू, मग मधल्या पट्ट्याची लावू. काय राहतं, काय जातं, ते तुमच्या डोळ्यांनी बघा. तुमचा आणि माझा आकडा जुळला नाही तर मी पुन्हा करीन."

"पुन्हा म्हंजे किती डाव?" ओमप्रकाशने विचारलं.

"जुळेपर्यंत."

"अन् तवरिक पाऊस आला तं?"

"तर मी म्हणेन, यंदा तलाव पूर्ण भरू देऊ नका. अर्धवट माहितीवर भिंत बांधू नका."

ओमप्रकाश खाली बसला. त्याचं समाधान झालं होतं, असं मी म्हणणार नाही. पण त्याने शेजारच्याला काहीतरी विचारलं आणि शेजारचा बोटांवर मोजू लागला, किती जण जायचं ते.

जानराव काठी टेकून उठले. "परवा सकायी सात वाजता निंघू," ते सर्वांना म्हणाले. "दहा जन पुरे. ज्याले मोजाचं हाये, त्यानं चष्मा घेऊन यावा. अन् ओमप्रकाश, तू पट्टी घरूनच आन. यांची नको."